शिवसागरला जायचंय? महिना बघण्याआधी धरणाची पातळी बघा

कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी त्याच्या काठावरच्या तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणून डोक्यावर घेतं, तर कुणी ‘नुसता चिखल, बोटीपर्यंत पोचतानाच जीव मेटाकुटीला आला’ म्हणून नाक मुरडतं. दोघांचंही खरं असतं. पहिला बहुतेक नोव्हेंबरात गेलेला असतो आणि दुसरा मेमध्ये. मधल्या सहा महिन्यांत इथलं पाणी ऐंशी-नव्वद फूट खाली उतरतं, कमी पावसाच्या वर्षी त्याहूनही जास्त. त्यामुळे इथल्या बोटिंगला किती तारे द्यायचे हे त्या दिवशीची पातळी सांगितल्याशिवाय ठरवता येत नाही. या लेखात चारही बाजूंचा काठ, म्हणजे तापोळा, बामणोली-शेंबडी, मुनावळे आणि कोयनानगर, पाण्याच्या हिशोबाने तपासला आहे.

आधी हे पाणी कुणाचं आणि कशासाठी ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. त्या वळणाच्या वरच्या अंगाला, पाटण तालुक्यात, १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०८ मीटर लांब भिंत घालून ही दरी अडवली आहे. म्हणून जलाशयाचा आकार गोल तळ्यासारखा नसून लांबुळका आहे. सुमारे पन्नास किलोमीटर लांब, ठिकठिकाणी ओढ्यांच्या खाचांमध्ये शिरलेला. पूर्ण भरल्यावर साठा १०५.२५ टीएमसी आणि पाण्याचं क्षेत्र ११५ चौरस किलोमीटरच्या आसपास. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर.

यातलं बरंचसं पाणी पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात सोडतात. पोफळीला पहिला आणि दुसरा टप्पा, शिवाय भूमिगत चौथा टप्पा, आणि खाली कोळकेवाडीच्या धरणावर तिसरा. धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह धरून एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे आणि हे वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजलं जातं. उरलेलं पाणी पूर्वेला, नदीतून सिंचनासाठी सुटतं. म्हणजे पावसाळा संपला की दोन्ही बाजूंनी पाणी कमी होत जातं आणि पुढच्या जूनपर्यंत आत नवीन काही येत नाही. पर्यटकांसाठी पातळी राखून ठेवायची अशी सोय इथे नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही चुकीची आहे.

बातमीतले आकडे कसे वाचायचे

पावसाळ्यात सातारा-कराडकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते: पाणीपातळी अमुक फूट तमुक इंच, साठा इतके टीएमसी, आवक इतके क्युसेक (म्हणजे सेकंदाला इतके घनफूट), आणि कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस. पावसाळ्यानंतर ही चौकट तुरळक होते, पण धरणसाठ्याचे आकडे जलसंपदा विभाग वर्षभर जाहीर करतो. सहलीसाठी त्यातला एकच आकडा पुरेसा आहे: फुटांतली पातळी.

दोन खुणा पाठ करून ठेवा. पूर्ण भरलेली पातळी २,१६३ फूट ६ इंच. सांडव्याची पातळी, म्हणजे जिथून सहा वक्र दरवाजे सुरू होतात ती, २,१३३ फूट ६ इंच. दोन्हींत बरोबर तीस फूट. दरवाजांची उंची आधी पंचवीस फूट होती, नंतर वर पाच फुटांची भर घातली म्हणून साठा ९८.७८ वरून १०५.२५ टीएमसीवर गेला. या वरच्या तीस फुटांत बत्तीसेक टीएमसी पाणी मावतं. तलाव काठोकाठ असताना एक फूट म्हणजे जवळजवळ सव्वा टीएमसी.

आता यातली खरी मेख. दरी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे जसं पाणी उतरतं तसं त्याच एका फुटात कमी कमी पाणी मावतं. वीज आणि सिंचनासाठी रोज तेवढंच पाणी गेलं तरी डिसेंबरात पातळी सावकाश उतरते आणि एप्रिल-मेमध्ये भराभर. मार्चअखेर कुणी फोनवर ‘पाणी भरपूर आहे’ सांगितलं म्हणून मेच्या सुट्टीचं बुकिंग करू नका. पाच आठवड्यांत काठ ओळखू येणार नाही इतका मागे गेलेला असतो.

क्युसेकचं गणितही जाता जाता: ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं चालू असतील तर नदीत २,१०० क्युसेक सुटतात, म्हणजे दिवसाला ०.१८ टीएमसी. यावरून आणखी एक गैरसमज दूर होईल. ‘वीजनिर्मिती सुरू झाली की तलाव एकदम उतरतो आणि बोट अडकते’ असं सांगणारे भेटतात. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात पोफळीची सगळी यंत्रं एक तास पूर्ण ताकदीने चालली तरी भरलेल्या तलावाची पातळी एक-दोन सेंटिमीटरच हलते. बोट अडकते ती काठाजवळच्या उथळ गाळात, आणि त्याला कारण त्या दिवसाची वीज नसून गेल्या कित्येक आठवड्यांची उतरण असते. अचानक वाढणाऱ्या पाण्याचा धोका आहे तो धरणाच्या खालच्या बाजूला, नदीपात्रात. तिथे विसर्ग वाढवण्याआधी भोंगा वाजवतात. हेळवाक ते पाटण या पट्ट्यात पात्रात उतरलेल्यांनी तो ऐकताक्षणी बाहेर यायचं, कपडे-भांडी गोळा करत बसायचं नाही.

आमचा ठोकताळा असा. २,१५० फुटांच्या वर पातळी असेल तर कुठलाही काठ निवडा, सगळीकडे बोट धक्क्याला लागते आणि खाचांमध्ये आतपर्यंत जाता येतं. २,१३३ ते २,१५० या टप्प्यातही सहल उत्तम, फक्त काठावर तांबड्या मातीचा उघडा पट्टा दिसायला लागतो. २,१०० ते २,१३३ मध्ये उतरण-चढण वाढते, वयस्कर मंडळी आणि लहान मुलं बरोबर असतील तर विचार करा. २,१०० च्या खाली साठा निम्म्याहून कमी झालेला असतो, आणि जलाशयाच्या वरच्या टोकाला तलाव संपून नदीचं पात्र दिसायला लागतं. तेव्हा तापोळा सोडा आणि खालच्या अंगाचा काठ बघा.

आणखी एक सावधगिरी. ऑक्टोबरात तलाव भरलेलाच असणार हे गृहीत धरू नका. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलं नाही, आणि त्या हंगामात एरवी जानेवारीत दिसणारा काठ आधीच दिसू लागला.

तापोळा

महाबळेश्वरहून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. अंतर फसवं आहे, कारण रस्ता सुमारे सातशे मीटर खाली उतरतो आणि सगळा वळणावळणाचा आहे. एक तास धरून चला. उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवून आलेल्या गाड्यांचे ब्रेक तापतात आणि खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. परतीचा चढ अंधार पडायच्या आत संपवावा, धुकं असेल तर आणखी लवकर.

तापोळ्याची मोठी बाजू म्हणजे सोय. महाबळेश्वरला मुक्काम असेल तर अर्ध्या दिवसात होऊन जातं. बोट क्लबवर मोटरबोट आणि स्पीड बोट दोन्ही मिळतात. भाडं बोटीमागे असतं, माणशी नाही, आणि फेरीच्या लांबीप्रमाणे बदलतं: जवळची चक्कर, त्रिवेणी संगम, दत्तमंदिर, आणि सगळ्यात लांब वासोटा किल्ल्याचा पायथा. दरफलक वाचूनच पैसे भरा आणि ‘किती मिनिटं’ यापेक्षा ‘कुठपर्यंत जाऊन परत’ हे विचारा, कारण स्पीड बोटीची वीस मिनिटं आणि साध्या मोटरबोटीची वीस मिनिटं यांत अंतराचा फार फरक पडतो. चौघांच्या कुटुंबाने घाई नसेल तर साधी मोटरबोट घ्यावी. स्वस्त पडते, बसायला ऐसपैस असते आणि दोन्ही काठांवरचं रान नीट बघता येतं. स्पीड बोटीत वारा आणि तुषार याखेरीज फारसं काही हाती लागत नाही.

उणी बाजू म्हणजे तापोळा जलाशयाच्या वरच्या टोकाकडे आहे. पातळी उतरायला लागली की पहिला फटका इथेच बसतो. बोटी पाण्याबरोबर खाली सरकतात, धक्का कोरडा पडतो, आणि गाडी लावल्यावर भेगाळलेल्या गाळावरून उतरत पाण्यापर्यंत जावं लागतं. वरून कोरडा दिसणारा हा गाळ खाली मऊ असतो. कडेच्या आठ-दहा फुटांत पाय घोट्यापर्यंत रुततो, चप्पल आतच राहते. पट्टा असलेली सँडल घाला आणि बोटवाल्याने टाकलेल्या फळीवरूनच चढा. मेच्या सुट्टीत महाबळेश्वरला आलेली मंडळी नेमकी याच अवस्थेत तापोळा बघतात आणि नाराज होऊन परततात. त्यांच्यासाठी आमचं सरळ मत: एप्रिलच्या मध्यानंतर फक्त बोटीसाठी हा घाट उतरू नका.

जेवण मात्र तापोळ्याला चांगलं. घरगुती खानावळी आणि कृषी पर्यटन केंद्रं बरीच आहेत. तांदळाची भाकरी, पिठलं, आधी सांगितलं तर तलावातला मासा. बोटीत बसण्याआधी जेवणाची वर्दी देऊन ठेवली की परत येईपर्यंत ताट तयार असतं. न सांगता दुपारी दोनला पोचलात तर तासभर थांबावं लागेल, आणि ते रास्तच आहे.

बामणोली, शेंबडी आणि वासोटा

आमची पहिली पसंती हा काठ. साताऱ्याहून कास पठारावरून साधारण पस्तीस किलोमीटर. इथे कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही नद्यांचं पाणी एकत्र येतं, समोर सह्याद्रीची मुख्य रांग उभी असते आणि तिच्या पोटात कोयना अभयारण्य. दरी इथे अधिक खोल असल्यामुळे तापोळ्यापेक्षा जास्त दिवस बोट चांगली चालते. सप्टेंबरात कासच्या फुलांचा बहर असताना शनिवार-रविवारी हा रस्ता गाड्यांनी तुंबतो, तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी जा, नाहीतर साताऱ्याहून सहाच्या आत निघा.

दत्तमंदिराची फेरी करायची असेल तर दोन तास पुरतात. पण बामणोलीचं खरं मोल वासोट्यासाठी. या बाजूने किल्ल्यावर जायला जलाशय ओलांडावाच लागतो, त्यामुळे ही बोट म्हणजे चैनीची फेरी नसून वाहतूक आहे, आणि तिचं वेळापत्रक पाळावं लागतं.

क्रम असा ठेवा. सकाळी बामणोलीला पोचल्यावर पहिल्यांदा वनविभागाची परवानगी, प्रवेश शुल्क आणि सगळ्यांची नावं. मूळ ओळखपत्र जवळ असू द्या. मग बोट. एका बोटीत दहा-बारा माणसं बसतात, भाडं पूर्ण बोटीचं. तीन-चार जण असाल तर दुसऱ्या छोट्या गटाबरोबर बोट वाटून घ्या, सुट्टीच्या दिवशी सकाळी असे गट घाटावर सहज भेटतात. ठरवताना दोन गोष्टी आधीच बोलून घ्या: खाली किती तास थांबणार आणि परत निघायची वेळ कोणती. परतीला एक गट उशिरा आला की पूर्ण बोट खोळंबते.

पाण्यावर एका बाजूचा प्रवास साधारण दीड तास. किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरायचं, वनविभागाची तपासणी होते. प्लास्टिकच्या वस्तू मोजून लिहून घेतात आणि परत येताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. ही पद्धत आम्हाला अतिशय आवडते, कारण तिच्यामुळे वासोट्याची वाट आजही इतर किल्ल्यांच्या मानाने स्वच्छ राहिली आहे. वेफरची सुटी पाकिटं नेण्यापेक्षा घरचं खाणं स्टीलच्या डब्यात न्या, मोजणी सोपी होते. चढायला दोन ते अडीच तास, उतरायला दीड. वर टपरी नाही, माणशी तीन लिटर पाणी हवं. मुक्कामाला मनाई आहे आणि अंधारापूर्वी पाण्यावरून परतणं बंधनकारक आहे. हिशोब मांडा: दोन वेळचा बोटप्रवास तीन तास, चढ-उतार चार, वर एक. आठ तास झाले. हिवाळ्यात संध्याकाळी सहाला अंधारतं. सकाळी साडेआठच्या पुढे बोट निघाली तर माथ्यावरून दिसणारा बाबूकडा आणि नागेश्वर गुहेच्या दिशेचा देखावा घाईत उरकावा लागतो, आणि तोच तर बघायचा असतो.

डिसेंबर-जानेवारीत एक अडचण येते. पहाटे तलावावर दाट धुकं बसतं आणि समोरचा काठ दिसेपर्यंत बोटवाले निघत नाहीत. त्यांना घाई करू नका. पाण्याखाली जुन्या झाडांची खोडं आहेत आणि उतरत्या पातळीत ती वर येतात, त्यांची जागा ओळखायला नजर लागते. धुक्यामुळे गेलेला तास परतीच्या वेळेत भरून निघत नाही, म्हणून त्या दिवसांत चढाईचा वेग ज्यांना झेपणार नाही त्यांनी खालच्या ओढ्यापर्यंतच जावं. तेवढंही रान सुंदर आहे.

फेब्रुवारीनंतर उतरण्याची जागा पाण्याबरोबर मागे सरकते. भरलेल्या तलावात बोट जवळजवळ झाडीपर्यंत जाते, मार्चअखेर उघड्या उतारावरून बरंच चालल्यावर सावली लागते. तेवढी चाल दोन्ही वेळा उन्हात, हे पाण्याच्या हिशोबात धरा. ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी जळवांची तयारी ठेवावी: लांब मोजे, पायांना तंबाखूचं पाणी किंवा मीठ. साधारण जूनच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत वासोटा आणि बोटी बंद असतात. पावसावर अवलंबून तारखा पुढेमागे होतात, तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघण्याआधी फोन करून खात्री करा.

मुनावळे

२०२४ मध्ये इथे राज्य सरकारचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं. जेट स्की, वेगवान बोटी, पाण्यावरचे खेळ. ज्यांना कोकणातल्या किनाऱ्यासारखी धमाल गोड्या पाण्यात हवी आहे त्यांच्यासाठी ठिकाण योग्य आहे. प्रशिक्षित माणसं आणि नवं सामान ही त्याची जमेची बाजू. पण आमच्या मनात एक काळजी आहे ती सांगितलीच पाहिजे. समोरचा काठ अभयारण्याचा आहे. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं आणि पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश आहे. गवे आणि सांबरं संध्याकाळी पाण्यावर येतात. वेगवान यंत्रांचा आवाज दरीत फार लांब जातो. हे खेळ पूर्वेच्या काठापुरते आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतच राहावेत असं आम्हाला ठामपणे वाटतं. पर्यटकांनी निदान समोरच्या काठाला वळसा घालायचा हट्ट धरू नये.

कोयनानगर

इथे बोटिंगसाठी येऊ नका. भिंतीलगतच्या पाण्यात सुरक्षेच्या कारणाने पर्यटकांना प्रवेश नाही आणि धरणावर जाण्यासाठीही परवानगी लागते. मात्र हे सगळं कसं चालतं ते समजून घ्यायचं असेल तर नेहरू उद्यानात जरूर जा. तिथून भिंत आणि सांडवा समोर दिसतो आणि धरण कसं बांधलं ते समजेल अशी मांडणी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने हा सगळा परिसर हादरला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, भिंतीला तडे गेले आणि नंतर ती बळकट करण्यात आली. हा इतिहास माहीत असेल तर समोरची भिंत वेगळ्या नजरेने बघितली जाते.

पातळीच्या संदर्भात इथली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी ‘लेक टॅपिंग’ झालं: तलावाखालून बोगदा खणत आणायचा, शेवटचा खडकाचा बूच ठेवायचा आणि तो एका स्फोटाने उडवून पाणी आत घ्यायचं. २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा तेच केलं, याहून खालच्या पातळीवर, म्हणजे उन्हाळ्यातही यंत्रांना पाणी मिळावं. भर उन्हाळ्यातही या तलावातून पाणी उपसलं जात राहतं ते या व्यवस्थेमुळे. मेमधला उघडा बोडका काठ बघून ‘धरण आटलं’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, तो काठ ठरल्याप्रमाणेच उघडा पडलेला असतो.

पावसाळ्यात यायचं तर हाच काठ. नवजाजवळचा ओझर्डे धबधबा, आणि नशिबात असेल तर दरवाजे उघडलेले. कराडहून छप्पन्न-सत्तावन्न किलोमीटर, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून यावं लागतं. पावसात कुंभार्लीत दरड कोसळते, निघण्याआधी चौकशी करा.

बोटीत बसण्याआधी

लाइफ जॅकेट अंगावर चढवून सगळे पट्टे बांधा आणि कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. मुलांसाठी छोटी जॅकेट मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात जॅकेट वर आणि मूल खाली अशी गत होते. जॅकेट मांडीवर किंवा बैठकीखाली ठेवून निघणारी बोट मिळाली तर उतरून दुसरी घ्या, कितीही वेळ जावो.

बोट भरली की बाहेरून कठडा पाण्यापासून किती वर राहिला ते बघा. वीतभरच उरला असेल तर माणसं जास्त झाली आहेत. दुपारनंतर लांबट दरीतून वारा सुटतो, विशेषतः फेब्रुवारी ते मे, आणि उघड्या पट्ट्यात लाटा उठतात. सकाळी आरशासारखं पाणी बघून दुपारी तेवढीच माणसं भरणं चूक आहे. कुणीही एका बाजूला फोटोसाठी एकदम उभं राहू नये.

पोहण्याचा मोह टाळा. इथल्या काठाखाली जुनी भातखाचरं आहेत. पाण्यात चालताना गुडघाभर वाटतं, खाचराची ताल (बांध) संपली की पुढच्या पावलाला पुरुषभर खोली. त्यात तळाला गाळ. धरणामुळे ज्यांची गावं इथे बुडाली आणि जे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत गेले, त्यांच्या शेतांच्या त्या पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती आणि बांध उघडे पडतात. तिथे फिरताना दगड हलवू नका, कुणाच्या तरी घराचे आहेत.

रोख पैसे जवळ ठेवा, पाण्यावर आणि काठावर मोबाइलला रेंज अनेकदा नसते. पेट्रोल साताऱ्याला किंवा महाबळेश्वरलाच भरून घ्या.

गुण आणि एक मागणी

दहापैकी द्यायचे झाले तर २,१३३ फुटांच्या वर पातळी असताना बामणोली-वासोट्याला नऊ, तापोळ्याला आठ. मुनावळ्याला खेळांची हौस असेल तर सात. कोयनानगरला माहितीसाठी आठ, पाण्याच्या मजेसाठी शून्य. २,१०० च्या खाली बामणोलीला सहा आणि तापोळ्याला तीन, तेही जेवणासाठी.

मागणी एवढीच की प्रत्येक घाटावर दरफलकाशेजारी रोजची पातळी फुटांत लिहावी, आणि काठावर पाच-पाच फुटांच्या खुणा असलेला एक रंगवलेला खांब असावा. आकडा रोज मोजला जातोच, तो खडूने फळ्यावर चढवायला दोन मिनिटं पुरतात. पुण्या-मुंबईहून लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन निघणाऱ्यांनी आदल्या रात्री बोटवाल्याला फोन करून एकच प्रश्न विचारावा: ‘दादा, गाडी लावल्यापासून बोटीपर्यंत किती चालायचं?’